चाळीस जणींचं मीठ

मायक्रोमीटर तिला मी शिकवला.
शतांश मिलिमीटरसाठी श्वास धरायचा,
रॅचेट तीनदा वाजू द्यायचं, टक्, टक्, टक्,
मग आकडा मोठ्यानं वाचायचा, लाजायचं नाही.
तरसालीच्या वर्कशॉपमध्ये दोन वर्षं
लेथवर वाकलेली रमीला राठवा,
वेणी टोपीत खोचलेली.
बिघडलेला जॉब भंगारात लपवला नाही कधी;
माझ्या टेबलावर आणून ठेवायची
मेलेली चिमणी ठेवावी तसा.

जुलैत प्रमाणपत्र मिळालं.
ऑगस्टात तिला अठरा पूर्ण झाली
आणि संस्थेतला तिचा पलंग
नियमाप्रमाणे दुसरीला गेला.

मकरपुऱ्यात व्हॉल्व्हच्या शेडमध्ये काम लागलं, ते सोपं होतं.
खोली अवघड.
कुणी विचारलं, वडील काय करतात.
कुणी विचारलं, लग्न कधी.
एक बाई म्हणाल्या, राठवा म्हणजे कोण,
आणि उत्तराआधीच दार लोटलं.
पाचव्या घरी, मांजलपूरला,
हसमुखभाईंनी करारनामा पुढे सरकवला:
‘एनुं कोई मोटुं छे?’
तिचं कुणी मोठं आहे का.

मी एकोणसाठीचा, शुगरवाला,
स्कूटरचा विमा दरवर्षी विसरणारा.
नात्याच्या रकान्याशी पेन अडलं.
सर हे काही नातं नव्हे.
लिहिलं: ओळखीचे.
आणि सही केली, नेहमीपेक्षा ठळक.

पहिल्या रविवारी घरातला जादा कुकर घेऊन गेलो
तर जिन्यात चाळीतली सगळी पोरं वाट्या घेऊन बसलेली.
‘सर, मला कमी करताच येत नाही.
चाळीस जणींची डाळ येते, एकीची नाही.
मीठ मुठीनंच घालायचे तिथं.
चिमूट म्हणजे किती हो?’
शतांश मोजणारी पोरगी
स्वतःच्या दोन बोटांकडे बघत होती.
मलाही सांगता येईना.
माझ्या ताटातलं मीठ
जन्मभर दुसऱ्याच कुणी घातलेलं.

निघताना ती रस्त्यापर्यंत आली,
मग धावत परत वर गेली, कुलूप ओढून पाहिलं.
संस्थेत कडी बाहेरून असायची.
‘किल्ली माझ्याकडंच राहणार ना, सर?
रात्रीसुद्धा?’

पहिला पगार झाला.
एकोणचाळीस केसांच्या क्लिपा घेऊन ती संस्थेत गेली,
आणि भाड्याला चारशे रुपये कमी पडले.
माझा हात खिशात गेलाच होता.
पण वर्कशॉपच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलंय:
चालू जॉबवर दुसऱ्यानं मागून हात घालू नये,
दोघांचीही बोटं जातात.
मी खाली उभा राहिलो, ती वर गेली.
ऐकू आलं ते एवढंच:
‘शुक्रवारी ओव्हरटाइम मिळतो. शुक्रवारी संध्याकाळी देते.’
हसमुखभाई बराच वेळ गप्प.
मग पंख्याची कळ दाबल्याचा आवाज,
स्टूल सरकवल्याचा.
बसवलं असावं तिला.

शुक्रवारी ती कितीला पोचली,
पैसे सुटे होते की नाही,
मी विचारलं नाही.
विचारायचं नाही हे मी शिकलो
म्हणजे पुरतं शिकलो असं नाही;
त्या रात्री साडेनऊला मांजलपूरवरून
उगाचच स्कूटर काढली होती.
खिडकीत उजेड होता.

परवा मीच फोन केला. मागे लेथ चालू,
कुणीतरी तिला ‘रमीलाबेन’ म्हणून हाक मारली,
नवीन पोरगा असणार, घाबरलेला.
‘सर, नंतर करते हं, जॉब लावलाय.’
तीन दिवस झाले.
फोन चार्जिंगला लावतो, काढतो.
चार्जिंग भरलेलंच असतं.

आज आमटीत मीठ मी घातलं.
बायको दारात उभी राहून बघत होती, बोलली नाही.
जास्त झालं.
दोघांनी खाल्ली.